फूल, दोन पाने आणि कुळाचे मत

१९६७ सालच्या जानेवारी महिन्याच्या १६ तारखेला गोमंतकातील मतदार एका आगळ्याच मतदानासाठी घराबाहेर पडले. त्यांना कोणी आमदार निवडायचा नव्हता की खासदार. त्यांच्यापुढे चिन्हे दोनच होती : फूल आणि दोन पाने. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे ज्यांना वाटे त्यांनी फुलाला कौल द्यायचा. तो केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा असे ज्यांना वाटे त्यांनी दोन पानांना. मोजणी झाली तेव्हा दोन पानांच्या बाजूने १,७२,१९१ आणि फुलाच्या बाजूने १,३८,१७० मते पडल्याचे दिसून आले. चौतीस हजारांच्या फरकाने गोमंतकाने विलीनीकरण नाकारले.

यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २८ मार्च रोजी, त्याच मतदारांनी विधानसभेसाठी मतदान केले. विलीनीकरण हे ज्या पक्षाचे पहिले ध्येय, किंबहुना ज्याच्या नावातच ते ध्येय गोवलेले, त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तीस सदस्यांच्या सभागृहात १६ जागा मिळाल्या. विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाच्या डॉ. जॅक सिक्वेरा गटाला मिळाल्या १२. जानेवारीत ज्यांचे म्हणणे लोकांनी फेटाळले, त्यांच्याच हाती मार्चमध्ये लोकांनी राज्याची सूत्रे पुन्हा सोपवली.

हे वरकरणी कोडे वाटते. एका जागेवर अनेक उमेदवार असले की निम्म्याहून कमी मतांनीही विजय मिळतो, हे आपल्या निवडणूक पद्धतीचे गणित आहे आणि त्याचा काही वाटा येथे असणारच. परंतु १९७२ च्या निवडणुकीत त्याच पक्षाच्या जागा १८ वर गेल्या, हे केवळ गणिताने उलगडत नाही. आमच्या मते या कोड्याचे उत्तर गोव्याच्या शेतात आणि भाटात दडलेले आहे. निवडणुका आणि राजकीय पक्ष माणसाच्या पोटापाण्यावर, डोक्यावरच्या छपरावर आणि गावाच्या कारभारावर कसा परिणाम करतात, याचा इतका आटोपशीर धडा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दुसरा क्वचितच सापडेल. म्हणूनच तो वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

मूठभरांची मतपेटी

गोव्याला निवडणूक १९६१ नंतर प्रथम कळली, असा समज असेल तर तो खरा नाही. पोर्तुगालमध्ये घटनात्मक राजवट येताच १८२२ मध्ये गोव्याने लिस्बनच्या संसदेसाठी आपले प्रतिनिधी निवडले. त्यांत बेर्नार्दो पेरीस द सिल्व्हा हे गोमंतकीय होते. पुढे फ्रान्सिस्कु लुईस गोमिश या विद्वान डॉक्टराने आणि अर्थशास्त्रज्ञाने त्याच संसदेत गोव्याचा आवाज उठवला. पक्षही होते, चुरसही होती. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात नगरपालिकेच्या निवडणुकीवरून उसळलेल्या तंट्यात सैनिकांनी चर्चच्या परिसरात लोकांवर गोळ्या झाडल्या. त्या रक्तपाताची आठवण सासष्टीत दीर्घकाळ टिकून राहिली.

परंतु ही मतपेटी मूठभरांची होती. साक्षरतेची आणि मिळकतीची अट ओलांडू शकणारेच तिच्यापर्यंत पोहोचत. ज्यांच्या घामावर भातशेती आणि माडांची भाटे उभी होती, त्यांना तेथे स्थान नव्हते. सालाझार यांच्या राजवटीत तर जे काही होते तेही नावापुरतेच उरले. साहजिकच या निवडणुकांतून उठणारे प्रश्न सुशिक्षित आणि जमीनदार वर्गाचे असत. कुळाचा प्रश्न सभागृहात यायचा तर कुळाला मत हवे, ही साधी गोष्ट तोपर्यंत घडली नव्हती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये ग्रामपंचायतींच्या आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेच्या निवडणुका प्रौढ मतदानाने झाल्या. भाटकाराला एक मत आणि त्याच्या भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकारालाही एकच मत. चारशे एकावन्न वर्षांच्या परकीय राजवटीनंतर आलेला हा बदल झेंडा बदलण्याहून लहान नव्हता.

भाटकार, मुंडकार आणि कूळ

हे शब्द आमच्या काही वाचकांना अपरिचित असतील. भाटकार म्हणजे जमिनीचा, विशेषतः माडा-पोफळींच्या बागायतीचा धनी. मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. घराच्या भिंती मुंडकाराच्या, पण त्यांखालची भुई भाटकाराची. त्या भुईच्या मोबदल्यात मुंडकाराने भाटाची राखण करावी, हाकेसरशी कामाला यावे, सणासुदीला वाड्यावर राबावे, असा रिवाज असे. बोलणे वाकडे गेले तर घर सोडण्याची पाळी येई. कूळ म्हणजे दुसऱ्याचे शेत खंडाने कसणारा. शिवाय गावाच्या सामाईक जमिनी गावकारीच्या, म्हणजे कोमुनिदादीच्या, ताब्यात असत. त्यांचे लाभ मूळ गावकारांच्या घराण्यांना मिळत.

ही रचना कोणा एका धर्माची नव्हती. भाटकार हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते. फोंडा, पेडणे, सत्तरी या नव्या काबिजादींत कूळ हिंदू असे. सासष्टी, बार्देश, तिसवाडी या जुन्या काबिजादींत ते पुष्कळदा ख्रिस्ती असे. एकाच चर्चमध्ये एकाच मिस्साबलिदानाला गुडघे टेकणारे दोन ख्रिस्ती बंधू चर्चबाहेर पडले की एक धनी व दुसरा त्याचा मुंडकार होई. हे दुखणे आपण विसरता कामा नये. कारण पुढच्या सर्व कथेचा गाभा तोच आहे.

१९६३ च्या निवडणुकीत काँग्रेस पक्षाला आपण सहज जिंकू असे वाटले होते. गोवा मुक्त करणाऱ्या सरकारचा तो पक्ष. प्रत्यक्षात तीस जागांपैकी त्याला एकच मिळाली आणि तीही दमणमध्ये. गोव्याच्या भूमीवर त्याची पाटी कोरीच राहिली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १४ आणि युनायटेड गोवन्स पक्षाने १२ जागा घेतल्या. पहिल्याच्या मागे मुख्यतः हिंदू बहुजन समाज आणि त्यातील कुळे उभी होती. दुसऱ्याच्या मागे मुख्यतः ख्रिस्ती समाज आणि गोव्याचे वेगळेपण जपू पाहणारे लोक. २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक होते. पण त्यांच्या पक्षाचा मतदार शेतात होता, आणि पक्षाला अखेर आपल्या मतदाराचे ऐकावे लागते.

मताचे कायद्यात रूपांतर

१९६४ मध्ये गोवा, दमण व दीव कृषी कूळ कायदा झाला. त्याने कुळाला सहजी काढून टाकता येणार नाही असे संरक्षण दिले आणि खंडाची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या एक-षष्ठांशावर आणली. आमच्या वसई-पालघर परिसरातील वाचकांना ही भाषा परिचयाची वाटेल. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य आपल्या वाडीवस्तीत कोणाच्या घरी आनंदाने, तर कोणाच्या घरी कडवटपणे उच्चारले गेले. गोव्यात तेच वारे काही वर्षांनी पोहोचले.

कायद्याच्या जोडीला शाळा आल्या. खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. धर्मग्रामांच्या शाळा पूर्वीपासून होत्याच. आता ज्या वाड्यांवर त्या नव्हत्या तेथेही फळा आणि खडू पोहोचले. १९६१ च्या जनगणनेत गोवा, दमण व दीव येथील साक्षरता शेकडा ३१ च्या आसपास होती. १९७१ मध्ये ती शेकडा ४५ च्या घरात गेली. १९९१ मध्ये एकट्या गोव्याची ७६ च्या आणि २०११ मध्ये ८९ च्या जवळ पोहोचली. या प्रगतीचे श्रेय एका पक्षाला देणे अन्यायाचे होईल. केंद्राचा पैसा, चर्चच्या संस्था आणि पुढच्या सर्व सरकारांचे काम त्यात आहे. पण पहिला जोराचा धक्का ज्या सरकारने दिला, ते मुलांना शाळेत पाठवू इच्छिणाऱ्या निरक्षर आईबापांच्या मतांवर निवडून आले होते, हेही तितकेच खरे.

आता १९६७ च्या कोड्याकडे परत वळू. जनमत कौल मिळावा, निर्णय केवळ विधानसभेच्या बहुमताने होऊ नये, यासाठी विरोधी पक्षाने, विशेषतः डॉ. सिक्वेरा यांनी, दिल्लीत आग्रह धरला. १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळ अगोदर पायउतार झाले. ख्रिस्ती समाज तेव्हा लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाहून थोडा अधिक होता. दोन पानांना मात्र निम्म्याहून अधिक मते मिळाली. याचा अर्थ, अनेक हिंदू मतदारांनीही विलीनीकरण नाकारले. त्यांतील काहींनी मार्चमध्ये पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला मत दिले असले पाहिजे.

त्यांच्या वागण्यात विसंगती नव्हती. त्यांनी दोन प्रश्नांना दोन उत्तरे दिली. गोवा कोठे असावा, हा एक प्रश्न. गोव्यात राज्य कोणासाठी चालावे, हा दुसरा. पक्ष सगळ्या प्रश्नांची एकच मोळी बांधून मतदाराच्या डोक्यावर देऊ पाहतो. गोमंतकाच्या मतदाराने ती मोळी सोडली, हवे ते ठेवले, नको ते परत केले. आणि पक्षानेही तो निकाल मानला. विलीनीकरणाचा विषय मागे पडला आणि शेतीचा, शाळेचा कारभार पुढे चालू राहिला. पराभूत झालेल्या मुद्द्याचा सूड न घेता राज्य करणे, ही लोकशाहीतील फार मोठी गोष्ट आहे.

ज्यांनी मत दिले नाही त्यांचे छप्पर

१२ ऑगस्ट १९७३ रोजी बांदोडकर निवर्तले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला. मुंडकाराला घरातून हुसकावता येणार नाही आणि घराखालची जमीन तो विकत घेऊ शकेल, अशी तरतूद झाली. १९७६ मध्ये कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कूळ हा जमिनीचा मालक मानला गेला. त्यावर न्यायालयीन लढे झाले. १९८४ मध्ये ही दुरुस्ती घटनेच्या नवव्या परिशिष्टात घालण्यात आली.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. सासष्टीतील किंवा बार्देशातील ज्या ख्रिस्ती मुंडकाराचे छप्पर या कायद्याने सुरक्षित झाले, त्याने बहुधा या पक्षाला कधीच मत दिले नव्हते. आपल्या समाजाचा म्हणून त्याने ज्या पक्षाला मत दिले, त्याच्या पुढाऱ्यांमध्ये भाटकारही होते. ‘आपला’ पक्ष त्याची भाषा, अस्मिता, वेगळेपण राखत होता. ‘परका’ पक्ष त्याचे घर राखत होता. दोन्ही गोष्टी त्याला हव्या होत्या आणि दोन्ही त्याला मिळाल्या, त्या दोन पक्ष तुल्यबळ होते म्हणून. एकाने जनमत कौल मिळवला, दुसऱ्याने कूळ कायदा. सबळ विरोधी पक्ष नसता तर पहिली गोष्ट घडली नसती. कुळांच्या मतांवर उभा असलेला सत्ताधारी पक्ष नसता तर दुसरी.

मात्र कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यातील खाजण जमिनी खाडीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेल्या. बांध आणि मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याच्या झडपा, यांची देखभाल पिढ्यान् पिढ्या गावकारी करीत असे. जमीन कुळांची झाली तेव्हा ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. मालकी घरोघर वाटली गेली. बांध मात्र सर्वांचा मिळून एकच राहिला. अनेक ठिकाणी त्याची आबाळ झाली, खारे पाणी शेतात शिरले आणि सुपीक खाजणे पडीक राहिली. पाच वर्षांनी मत मागायला येणाऱ्याला जमीन देण्याचे श्रेय घेता येते. दर वर्षी बांध लिंपण्याचे श्रेय कोणाला मिळत नाही. निवडणुकीच्या राजकारणाची ही जन्मजात उणीव आहे. ती गावानेच, ग्रामसभेत बसून, भरून काढावी लागते.

खुर्ची फिरू लागली

१९७९ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच काही आमदारांनी साथ सोडल्याने काकोडकर सरकार कोसळले. १९८० च्या जानेवारीत निवडणूक झाली तेव्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सात जागांवर आला. अर्स काँग्रेसच्या चिन्हावर २० आमदार निवडून आले आणि थोड्याच काळात ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. मतदारांनी एका पक्षाला दिलेले राज्य दुसऱ्या पक्षाच्या पदरात पडले. मतपेटी मात्र पुन्हा उघडली नाही. पुढच्या काळाची ही नांदी होती.

३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. विधानसभेच्या जागा चाळीस झाल्या. मतदारसंघ इतका लहान की आमदार आणि मतदार एकमेकांना नावाने ओळखतात. हे सुख आहे तसे संकटही. आमदार व्यक्ती म्हणून निवडून येऊ लागला आणि पक्ष त्याला अंगरख्यासारखा झाला. हवा बदलली की बदलायचा. जानेवारी १९९० ते ऑक्टोबर २००० या काळात मुख्यमंत्रिपद दहाहून अधिक वेळा हातातून हातात गेले. एक सरकार तर आठवडाभरही टिकले नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा होता. पण एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ती ‘फूट’ मानली जाई आणि तिला मुभा होती. छोट्या सभागृहात एक-तृतीयांश म्हणजे चार-पाच माणसे. २००३ च्या घटनादुरुस्तीने ही मुभा गेली आणि मंत्र्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. मग दोन-तृतीयांशांचे ‘विलीनीकरण’ पुढे आले. १९६७ मध्ये लोकांनी नाकारलेला शब्द असा वेगळ्याच वेषात परतला. २०१९ च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदारांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी त्याच काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिरात, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा दिल्या. सप्टेंबरमध्ये तिच्या अकरांपैकी आठ आमदारांनी तीच वाट धरली. क्रुसासमोर दिलेल्या शब्दाची ही किंमत पाहून आपल्या लोकांना वाईट वाटले असल्यास नवल नाही.

कोणी म्हणेल, सरकारे बदलली म्हणून गोव्याचे काय बिघडले? दरडोई उत्पन्नात तो देशात अग्रभागी आहे. हे खरे आहे. परंतु त्या समृद्धीत जपानपर्यंत जाणाऱ्या लोहखनिजाचा, पर्यटनाचा, बोटीवर आणि आखातात राबणाऱ्या गोमंतकीयांच्या पैशाचा मोठा वाटा होता. चांगल्या कारभाराची परीक्षा पैसा येतो तेव्हा होत नाही. तो कोणाच्या अटींवर येतो आणि किती टिकतो, यावर होते. खाणींचे पाहा. पोर्तुगीज काळातील खाणपरवान्यांचे १९८७ च्या केंद्रीय कायद्याने भाडेपट्टे झाले. त्यानंतरच्या चौथाई शतकात कोणत्याही सरकारने या धंद्याला पुरेशी शिस्त लावली नाही. न्यायमूर्ती शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. पुढे मर्यादा घालून त्या सुरू झाल्या. आणि राज्य सरकारने नूतनीकरण केलेले ८८ भाडेपट्टे सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द केले. ट्रकवाले, बार्जवाले, खाणकामगार यांच्या घरांवर अचानक कुऱ्हाड कोसळली. जे काम विधानसभेने वर्षानुवर्षे शांतपणे करायचे, ते न्यायालयाला एका फटक्यात करावे लागले. आज ना उद्या पडणारे सरकार वीस वर्षांनंतरचा विचार करीत नाही, आणि बलाढ्य धंद्याला तर मुळीच दुखवत नाही.

याच गोव्यात लोक जागे झाले की काय होते, हेही दिसले. प्रादेशिक आराखडा २०११ मध्ये डोंगर व शेते बांधकामासाठी खुली होणार हे ध्यानी येताच गावोगाव सभा झाल्या. त्यांत हिंदू-ख्रिस्ती, भाटकार-मुंडकार एकत्र बसले. २००७ च्या जानेवारीत तो आराखडा रद्द झाला. तेव्हा निवडणूक दाराशी आली होती, हे विसरू नये.

एवंच, निवडणूक स्वतः अन्न देत नाही. कोणाचा प्रश्न राज्याचा प्रश्न मानला जाईल, एवढेच ती ठरवते. पण तेवढ्यानेच मुंडकाराचे छप्पर टिकते किंवा जाते. पक्ष हा त्या प्रश्नाला कायद्यापर्यंत नेणारा होडीवाला. होडीवाला वाटेत आपली होडी विकू लागला तर उतारूंनी काय करावे? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये मतदान हा सर्वांच्या कल्याणासाठी वापरायचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे शिकवले. ‘सर्वांच्या’ हा शब्द महत्त्वाचा. उमेदवार आपल्या धर्मग्रामाचा आहे का, आपल्या जातीचा आहे का, हे आपण लगेच विचारतो. आमचा कूळ कोण, आमचा मुंडकार कोण, आज कोणाच्या घराखालची भुई दुसऱ्याची आहे, हे विचारत नाही. बांध कोण लिंपणार, हे तर नाहीच नाही.

१९६७ च्या त्या दोन महिन्यांत गोमंतकातील फारसे न शिकलेल्या मतदारांनी पक्षाला नकार देऊन दाखवला आणि पक्षाला निवडूनही दाखवले. त्यांना कोणी विकत घेऊ शकले नाही, कारण आपल्याला नेमके काय हवे हे त्यांना ठाऊक होते. पुढच्या वेळी रांगेत उभे राहू तेव्हा त्यांची आठवण आपल्या सोबतीला असावी.